चिंचेचा कोपरा

दिवाळी सरली आणि चिंचेवर मोहोळ परत आलं. त्याच फांदीला, त्याच जागी, सुपाएवढं, काळंभोर. कमलम्मानं ते डोळ्यांनी बघायच्या आधी कानांनी ओळखलं. तूर किती भरली ते बघावं म्हणून ती बांधाबांधानं निघाली होती. चिंच पन्नास पावलांवर राहिली आणि तिचे पाय जागच्या जागी थांबले. वर्षभर तिनं त्या कोपऱ्याकडं तोंड केलं नव्हतं. आज तो कोपराच बोलत होता, एका सुरात, दम न खाता.

तिच्या मुलानं, संगमेशनंही ते बघितलं होतं. संध्याकाळी चहाची बशी खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, "माणूस सांगितलाय, अव्वा. येळवशीच्या दिवशी येतो. जाळून टाकू."

"हात लावायचा न्हाई."

"अप्पाला खाल्लं त्या माशांनी."

"सातबारा अजून माझ्या नावानं हाय. तुझ्या नावानं झाला की काय जाळायचं ते जाळ."

अशी ही कमलम्मा. तिसरीत शाळा सुटली, पण तलाठ्याला त्याच्याच कचेरीत बसवून कागद पुन्हा लिहायला लावलेली बाई. तिचा शब्द खाली पडलेला गावात कुणी बघितला नव्हता. जावा मेल्या, भाऊबंद वाटण्या करून गेले, ही आपली ताठ. आणि तिच्या नशिबी नवरा आला तो ईश्वरप्पा, कपाळाला विभूती लावून दिवसभर पिकाशी बोलणारा. बायको बोलली की तो हसायचा. पंचेचाळीस वर्षांत त्यानं तिला दुसरं उत्तर दिलं नव्हतं. लोक म्हणायचे, गरीब माणूस. कमलम्माही तेच म्हणायची, जरा मोठ्यानं.

माशांचं मात्र त्याला सगळं कळायचं. आग्या मोहोळ बसलं की तो चिंचेखाली बैल बांधत नसे. तिकडं जाताना बिडी विझवायचा, काळी घोंगडी खांद्यावरून उतरवून ठेवायचा. उन्हाळ्यात मडक्याच्या खापरात पाणी भरून ठेवायचा, आत दगड टाकून, माशी बुडू नये म्हणून. सुगीला आलेल्या बाया हसायच्या. कमलम्मा म्हणायची, "माझ्या माहेरच्या माणसाला एवढं पाणी विचारत न्हाईत हे."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अहमदपूर-लातूरकडची गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे. बायकांनी डोक्यावर आंबिलीचं मडकं, बिंदगं, आणायचं. बेसनात शिजवलेल्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. वाटेनं जाणाऱ्या अनोळख्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. आणि दिवस कलला की हेंडगा. कडब्याची पेंढी आवळून बांधायची, पेटवायची आणि घरच्या कर्त्या पुरुषानं ती घेऊन शेताला फेरी घालायची. चारी कोपरे ओवाळायचे. उभ्या पिकाची पीडा त्या जाळात जावी म्हणून.

यांच्या शेताचा चौथा कोपरा चिंचेचा.

मागच्या येळवशीला सकाळी निघतानाच कमलम्माचं सुनेशी वाजलं होतं. शिल्पानं सेंट लावला होता. तिच्या भावानं दिलेली बोटाएवढी बाटली, वर्षभर जपलेली. कमलम्मा सगळ्या पाव्हण्यांदेखत म्हणाली, "शेतात चाललीस का वरातीत?" बायका हसल्या. शिल्पाही हसली, पण पदर तोंडाला लावून.

दिवस चांगला गेला. जेवणं झाली, पोरं ऊस खाऊन थकली. ऊन उतरल्यावर संगमेशनं ट्रॅक्टरमध्ये पाव्हणे भरले, आपली आत्या दामिनी, तिची नातवंडं, शेजारपाजार, सगळे घेऊन तो गावात सोडायला गेला. मागं तिघंच राहिली. शिल्पा विहिरीवर भांडी घासायला बसली. कोपीपुढं कमलम्मा आणि ईश्वरप्पा.

"यंदा तीन कोपरे ओवाळतो," पेंढी बांधता बांधता तो म्हणाला. "चौथ्याला लांबूनच हात जोडतो. मोहोळ लई मोठं हाय. धूर गेला की माशी उठंल."

"तीन कोपऱ्याचं शेत असतंय का कुठं?"

"करडी फुलायला आलीय, कमळे. माशी हाय म्हणून दाणा भरतो. राहू दे तिला."

कमलम्माचा दिवस चांगला गेला होता. वीस माणसं तिच्या हातचं खाऊन तिचं नाव घेत गेली होती, आणि आता शेवटाला हा माणूस फेरी अर्धी सोडायला निघाला होता.

"मामंजींनी जलमभर चारी कोपरे ओवाळले. चिंच तवा बी तिथंच होती. तुम्हाला भ्या वाटायलं तर तसं सांगा. माझ्या बांगड्या देते, भरून बसा कोपीत. मी जाते हेंडगा घेऊन."

तो हसला. पेंढीचा फास घट्ट केला, पेटवली आणि निघाला.

पहिला कोपरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला तो वाकला, जाळ वरखाली झाला. कमलम्मा कमरेवर हात ठेवून बघत होती. चौथ्या कोपऱ्याला तो पोचला तेव्हा धूर सरळ वर गेला, चिंचेत शिरला, आणि फांदीवरचं काळं सूप एकदम फुटलं. आवाज आधी आला. डोंगरावरून खडी सुटावी तसा.

ती ओरडली, "इकडं या. कोपीत या."

कोप जवळ होती. विहीर तर त्याहून जवळ. आणि हा माणूस उलटा पळायला लागला, मोकळ्या रानाकडं, जिथं ना झाड ना पाणी. मधेच थांबला, खाली बसला, काहीतरी करायला लागला. कमलम्माला राग आला. खरंच सांगायचं तर त्या घडीला तिला रागच आला होता, की साधी वाट कळत न्हाई या माणसाला. मग तो उठला, आणखी चार पावलं गेला आणि पडला.

माशा निवळल्यावर शिल्पा आधी धावली, डोक्यावर ओलं पोतं घेऊन. कमलम्मा मागून. तो जिथं बसला होता तिथं हेंडगा होता, नांगराच्या सरीत, वर हातानं लोटलेली माती. दोन्ही बाजूला चार एकर तूर वाळून खडखडत उभी होती. एक ठिणगी पुरली असती.

जीप मिळाली. अहमदपूरला डॉक्टरनं सुई टोचली आणि लातूरला न्या म्हणाला. चाकूर ओलांडलं आणि ईश्वरप्पाचा श्वास थांबला. जीपमधल्या कुणाला ते लगेच कळलंही नाही.

लिंगायताला जाळत नाहीत. शेतातच, विहिरीच्या अंगाला खड्डा घेऊन त्याला बसता केला, माती दिली. त्याआधी स्वामींनी विभूती लावायला हात नेला, तर कपाळ राहिलं नव्हतं. इतकं तोंड सुजलेलं. तीन बोटं उमटेनात. स्वामींनी दोनदा लावून बघितली.

आणि तिथंच, मातीचे हात धुवायच्या आधी, दामिनी शिल्पावर धावून गेली. "तुझ्या सेंटनं माझा भाऊ खाल्ला. वास लागला माशीला. काल सकाळी वैनी बोलली तवा हसत होतीस." बायकांत कुजबुज झाली. सकाळचं सगळ्यांनी ऐकलं होतं. वास आला की माशी उठते हे कुणालाही ठाऊक.

संगमेश आईकडं वळला. त्याचे डोळे लाल. "अव्वा, तू तिथं होतीस. सेंटनंच झालं का?"

कमलम्मानं सुनेकडं बघितलं. शिल्पानंही तिच्याकडं बघितलं, सरळ, आणि मग मान खाली घातली.

"हाव," कमलम्मा म्हणाली.

एवढंच. एका श्वासाचं काम. पण त्या शब्दानंतर संगमेश बायकोच्या हातचं पाणी घेईना. दिवस झाले, महिना झाला. दामिनी येता-जाता टोचायची. जूनमध्ये नात शिवानीला लातूरला क्लास लावायचा ठरला तेव्हा शिल्पा म्हणाली, पोरगी एकटी कशी राहील, मी जाते सोबत. गावाला सांगायला बरं झालं. दसऱ्याला आली नाही, दिवाळीला आली नाही. कमलम्मा शेजारणीला सांगायची, "शिकणाऱ्या पोरीची आई हाय, सवड कुठं?" आणि घरात येऊन एकटीच दोन माणसांचा स्वयंपाक करायची. जेवताना संगमेश बोलायचा नाही, आणि ती बोलायची त्याला कुणी हसायचं नाही.

आता मोहोळ परत आलं होतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी तिनं एसटी धरली. पिशवीत तुरीच्या शेंगा, बोरं, भज्जीला लागणारी भाजी. लातूरला क्लासच्या गल्लीत प्रत्येक दारापुढं पोरींच्या चपलांचे ढीग. विचारत विचारत ती जिना चढली. शिल्पा खोलीत पोळ्या लाटत होती, पुढं दहा-बारा डबे उघडे मांडलेले. मेसचे डबे करते हे कमलम्माला कुणी सांगितलं नव्हतं.

"आलात?" शिल्पा म्हणाली आणि खाटेवरची पुस्तकं बाजूला केली. "शिवानी क्लासला हाय. बसा."

"बसायला न्हाई आले. उद्या येळवस हाय. साडी बदल, चल."

"डबे हायत."

"एक दिवस उपाशी राहिल्या तर पोरी मरत न्हाईत."

"माझ्याकडं पैसे भरल्यात त्यांनी, अव्वा." पोळी तव्यावर पडली. "अन् तिकडं कोण वाट बघायलंय माझी? दामिनी आत्या?"

कमलम्मा खाटेवर बसली. पिशवी मांडीवरच. रस्ताभर तिनं वाक्यं जुळवली होती, अगदी तलाठ्यापुढं जुळवायची तशी. आता त्यातलं एकही हाताला लागेना.

"सेंटनं न्हाई झालं ते," ती म्हणाली.

शिल्पाचं लाटणं फिरत राहिलं.

"त्यांना जायचं नव्हतं. तीन कोपरे म्हणत होते. मी बोलले त्यांना."

"ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"बांगड्या देते म्हणलात. भरून बसा कोपीत म्हणलात. मामंजी हसले." शिल्पानं पोळी उलटली. "मी विहिरीवर होते. पाणी पडायचं थांबलं की कोपीतलं सगळं ऐकू येतंय तिथं."

खाली गल्लीत रिक्षावाला कुणाला तरी ओरडत होता.

"मग तोंड शिवून का बसलीस तवा?"

"सेंट लावणारीच्या तोंडून कुणाला खरं वाटलं असतं? तुम्ही हाव म्हणल्यावर?" तिचा आवाज चढला नव्हता. डबेवाल्या बाईचा कामाचा आवाज होता तो. "अन् खरं सांगू? त्या दिवशी तुमच्याकडं बघितलं. वाटलं, आज ह्यांना बोललं तर ह्या बी जातील. आठ दिवस थांबू, आपण होऊन सांगतील. मग महिनाभर थांबले. मग वाटलं, न्हाई सांगणार. मग कपडे भरले."

"आता सांगायले न्हाई का मी?"

"मला सांगून काय करू? मी ऐकलंच होतं. ज्यानं न्हाई ऐकलं त्याला सांगा."

कमलम्मानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मुलगा एवढाच उरला होता तिच्याकडं. बोलत नसला तरी समोर बसून जेवत होता. त्याला सांगायचं म्हणजे तेही ताट उचलायचं.

शिल्पानं तिला जेवायला वाढलं. आग्रह केला नाही, कमीही वाढलं नाही. निघताना पिशवीतल्या शेंगा ठेवून घेतल्या. जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "कडेचा कठडा धरून उतरा, पायऱ्या अरुंद हायत." त्या काळजीनं कमलम्माला जितकं लागलं तितकं दामिनीच्या शिव्यांनी शिल्पाला लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी कोप उभी राहिली. माणसं कमी होती. दामिनी आली, भावाच्या मातीवर बेल वाहिला, रडली. कमलम्मानं भज्जी केली ती खारट झाली. सगळ्यांनी तशीच खाल्ली. ऊन उतरल्यावर मोहोळ जाळणारा माणूस आला, बांबूला चिंध्या गुंडाळून, हातात रॉकेलचा डबा. संगमेश उठला.

"बस," कमलम्मा म्हणाली.

"अव्वा, आज न्हाई ऐकायचो तुझं."

"बस म्हणते. मग काय जाळायचं ते जाळ. मला बी जाळ."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. तो बसला. दामिनीनं डोळे पुसले आणि बघायला लागली. कमलम्मा कोपीच्या तोंडाशी उभी राहिली, मागच्या वर्षी उभी होती तिथंच, आणि तिनं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मामंजींचं नाव घेतलं ते, बांगड्यांचं म्हणाली ते, सगळं तिच्याच तोंडानं, सगळ्यांदेखत. मोहोळवाला बांबू धरून उभा होता, त्याला जावं की थांबावं कळेना.

संगमेशनं विचारलं,

"अप्पा काय म्हणले?"

"काय न्हाई. हसले."

"अन् मी विचारलो तवा तू हाव म्हणलीस."

"हाव."

तो उठला. अंगावर ओरडला असता तर तिला पेललं असतं, तिला त्याची सवय होती. तो तिच्या बाजूनं गेला, वाटेतल्या बिंदग्याला धक्का लागू नये म्हणून पाय उचलून गेला, मोटारसायकलला किक मारली आणि लातूरच्या रस्त्याला लागला. दिवसभर तो जेवला नव्हता. दामिनीनं आपलं ताट उलटं घातलं, या घरचं अन्न संपलं म्हणून. "वर्षभर त्या पोरीला मी काय काय बोलले, वैनी," एवढंच म्हणाली, आणि नातवंडांना हाताला धरून पायीच गावाकडं निघाली. मोहोळवाला तिच्या मागं.

कोपीपुढं कमलम्मा एकटी राहिली. दिवस बुडायला आला होता. हेंडग्याची पेंढी संगमेशनं सकाळीच बांधून ठेवली होती, बापासारखाच फास मारून. बाईमाणसानं हेंडगा घ्यायची रीत नाही. तिनं घेतला. वय अडुसष्ट, गुडघे गेलेले. पळणं शक्यच नव्हतं. ती चालत निघाली.

पहिला कोपरा, दुसरा कोपरा. विहिरीच्या अंगानं जाताना मातीच्या ओट्याजवळ जाळ जरा दूर धरला. तिसऱ्या कोपऱ्याला वाकून ओवाळलं. तिथून पुढं चिंच दिसत होती, काळी, आणि तिच्यात तो सूर. कमलम्मा तिथंच थांबली. पेंढी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात कपाळाला लावला, कारण जोडायला दुसरा हात मोकळा नव्हता.

"तीन कोपरे," ती म्हणाली. "घ्या. ऐकलं तुमचं."

हेंडगा अजून जळत होता. तूर यंदाही उभी होती, यंदाही वाळलेली. तिनं तो सरीत ठेवला आणि बसून हातानं माती लोटायला लागली. जाळ मातीतून पुन्हा पुन्हा डोकं काढायचा. बोटं भाजली, पदराचं टोक करपलं, धूर डोळ्यांत गेला. ढेकळं कडक, फुटता फुटेनात. दोन्ही हातांनी ओढून, दाबून, पुन्हा ओढून ती दमली तरी खालून लाल दिसतच होतं.

तिच्या अंगावर एकही माशी नव्हती. तरी तिला एवढा वेळ लागला.

सगळं विझल्यावर ती तशीच बसून राहिली, भाजलेले तळवे मांडीवर उताणे ठेवून. रस्त्याकडं एकदा बघितलं. गाडीचा उजेड नव्हता. चिंचेवर माशा आपल्या घरात गुणगुणत होत्या, आणि कोपीत आंबिलीचं बिंदगं तोंड झाकून तसंच भरलेलं होतं.